अष्टागराचे किनारे : पायी फिरणाऱ्याने कोठे उतरावे?

हमरापूर हे गाव पाण्याजवळचे आहे, पण समुद्राजवळचे नाही. पेण तालुक्यातील या गावाच्या पश्चिमेस धरमतरच्या खाडीचे फाटे पसरलेले आहेत. त्यांत दिवसातून दोनदा भरतीचे पाणी चढते व दोनदा उतरते. परंतु ते उतरल्यावर मागे वाळू उरत नाही. उरतो तो गुडघाभर चिखल, त्या चिखलात रुजलेली तिवरे, आणि भातशेतीस खाऱ्या पाण्यापासून राखणारे बांध. याचे कारण सरळ आहे. नद्यांनी डोंगरांतून आणलेला बारीक गाळ खाडीच्या संथ पाण्यात खाली बसतो, म्हणून येथे चिखल. आणि उघड्या समुद्राच्या लाटा तो बारीक गाळ धुऊन नेऊन जड कण तेवढे मागे ठेवतात, म्हणून वीस-पंचवीस किलोमीटर पश्चिमेस गेले की वाळू. पाणी दोन्हीकडे एकच, भरतीही एकच.

हमरापूर, जोहे, कळवे ही गणपतींच्या मूर्तींसाठी सर्वत्र ठाऊक झालेली गावे होत. भाद्रपद सरेपर्यंत तेथील कारखान्यांत कोणास मान वर करावयास सवड नसते. तो सरला, पाऊस ओसरला, आणि समुद्रही कार्तिकाच्या सुमारास शांत झाला, म्हणजे चार दिवस पाठीला पडशी लावून किनाऱ्याकडे जावे असे तरुणांच्या मनात येते. मुंबई-पुण्याकडचे हौशी प्रवासीही याच वाटेने पेणवरून अलिबागकडे उतरतात. मग प्रश्न निघतो : जावे कोठे? मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत आणि तेथून पुढे काशीद-मुरुडपर्यंत एकास लागून एक इतके किनारे आहेत की, नवख्यास ते सारे सारखेच वाटावेत.

याचे उत्तर बहुधा वाळूच्या रंगावरून देण्यात येते. काशीदची वाळू उजळ, अलिबागची काळसर. सबब काशीद चांगले, असा हा न्याय. मोटारीतून येऊन दोन तासांनी परत जाणाऱ्यास तो पुरेसा असेल. पायी फिरणाऱ्यास मात्र निराळ्याच गोष्टी पाहाव्या लागतात : पायाखाली घट्ट भूमी, वाटेत गोडे पाणी व सावली, रात्री पाठ टेकावयास जागा, आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे जेथे पाऊल टाकले तेथून समुद्र परत येऊ देईल याची खात्री. ही शेवटची गोष्ट सहलीचा बेत आखताना क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. म्हणून किनाऱ्यांची तुलना करण्यापूर्वी भरती-ओहोटीचा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

कोकणातील खलाशी व कोळी हा हिशेब तिथीवरून करीत आले आहेत. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीची पाऊणपट तीन. म्हणून चतुर्थीस तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी व पहाटे दोन्ही वेळा. अष्टमीस सहा वाजता. एकादशीस सव्वाआठला. पौर्णिमा वा अमावास्या म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर सहा तासांहून थोडा अधिक वेळ गेला की पूर्ण ओहोटी. हे गणित अर्ध्यापाऊण तासाने चुकू शकते, आणि आज भरतीच्या घटका मिनिटामिनिटापर्यंत छापून मिळतात. तथापि ज्याच्या जवळ दुसरे काही साधन नाही त्याला भिंतीवरची दिनदर्शिकाही पुरते, हा या जुन्या रीतीचा मोठा गुण होय.

वेळेइतकेच महत्त्व पाण्याच्या जोराला आहे. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास, आणि विशेषेकरून त्यानंतरच्या एकदोन दिवशी, उधाण असते. तेव्हा पाणी फार वर चढते आणि तितकेच दूर मागे हटते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा ते धड चढतही नाही व धड उतरतही नाही. मुंबई-अलिबागच्या टापूत उधाणाचा चढउतार साडेतीन ते चार मीटर, आणि कधी त्याहूनही अधिक असतो. गोव्यास तो सुमारे दोन मीटर, केरळात तर मीटरभराच्या आतबाहेर. उलट उत्तरेस खंभातच्या आखातात पाणी दहा मीटरांपर्यंत चढते. समुद्राचा उथळ तळ जितका रुंद आणि आखात जितके निमुळते, तितकी भरती फुगते. म्हणून गोव्याचा किनारा सकाळी पाहिला तसाच जवळजवळ संध्याकाळी दिसतो. कुलाब्याचा, म्हणजे १९८१ पासून ज्याला रायगड जिल्हा म्हणतात त्याचा किनारा मात्र दिवसातून चार वेळा आपले रूप पालटतो. गोव्याची सवय घेऊन येथे येणारा प्रवासी फसतो तो याच ठिकाणी.

आता उत्तरेकडून आरंभ करावयाचा. मांडवा, आवास, सासवणे व किहीम हा पहिला गट. अष्टागर या जुन्या नावाने ओळखला जाणारा आगरांचा, म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्यांचा पट्टा येथूनच लागतो. मुंबईहून येणाऱ्यास हा भाग सर्वांत जवळचा; गेटवेहून लाँचने मांडव्यास उतरता येते, आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीही वाहून नेणारी मोठी बोट चालू झाली आहे. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात. हमरापूरहून जाणाऱ्यास मात्र हा गट वाकड्या वाटेचा पडतो, आणि त्याच्यासाठी तो पहिल्या पसंतीचा नव्हे. धनिकांच्या बंगल्यांची कुंपणे येथे समुद्राकडे इतकी दाट झाली आहेत की, गावातून वाळूवर उतरणारी पाणंद कोठे आहे हे विचारीत जावे लागते.

असे असले तरी दोन गोष्टींसाठी येथे वाट वाकडी करावी. सासवणे हे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे जन्मगाव. पुण्याचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा त्यांनीच घडविला. १९२८ साली तो उभा राहिला. त्यांच्या राहत्या घरी त्यांची शिल्पे मांडून ठेवलेली आहेत. हमरापूरच्या कारखान्यात मातीत हात घालणाऱ्या मुलाने ती एकदा पाहिलीच पाहिजेत. गावातल्या साध्या माणसाचा, जनावराचा, कोळिणीचा चेहरा घडविताना हात कसा चालला हे तेथे जवळून दिसते. दुसरी गोष्ट किहीमची. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली जर्मनीतून परत आले तेव्हा त्यांना नोकरी उरली नव्हती. १९३० च्या पावसाळ्यात ते किहीमास राहिले आणि तेथे सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा त्यांनी दिवसेंदिवस अभ्यास केला. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पसंत करते, ती अंड्यांवर बसली की नर दुसरे घरटे विणावयास घेतो, हा क्रम त्यांनी येथे उलगडला. बेकारीचे दिवस इतके सार्थकी लागल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. किहीमच्या किनाऱ्यावर ओहोटीस खडक उघडे पडतात; शंख-शिंपले पाहण्यास ते उत्तम, अनवाणी पोहण्यास नव्हे.

किहीमच्या दक्षिणेस नवगाव व थळ. बेने इस्राएल समाजाचे पूर्वज जहाज फुटून या नवगावच्या किनाऱ्यास लागले अशी त्या समाजात परंपरा आहे, आणि तेथे त्यांचे स्मारकही आहे. थळच्या समोर समुद्रात खांदेरी व उंदेरी ही दोन बेटे दिसतात. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधावयास घेतली. मुंबईचे इंग्रज तिला आडवे आले, पण तिचे काम थांबले नाही. लगोलग सिद्दीने उंदेरी बळकावून तटबंदी घातली. २०२५ साली मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्यांत खांदेरी आहे. थळहून होडीने तेथे जाता येते. मात्र होडीवाला नको म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

यानंतर वरसोली आणि अलिबाग. अलिबागच्या वाळूचा काळेपणा हा तिचा दोष नव्हे. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून जे लोहयुक्त कण होतात, त्यांचा तो रंग आहे. उलट जेथे शिंपल्यांचा चुरा अधिक मिसळतो तेथे वाळू उजळते. अलिबागची ही बारीक, दबलेली वाळू ओहोटीस इतकी घट्ट होते की, तिच्यावरून घोडागाडी धावते. पायी चालणाऱ्यास याहून चांगला रस्ता नाही. तलम, उजळ वाळू डोळ्यांस गोड; पण पाठीवर आठ-दहा किलो ओझे घेऊन तिच्यातून मैलभर चालून पाहावे, म्हणजे काळ्या वाळूची किंमत कळते.

अलिबागचे मुख्य आकर्षण म्हणजे कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचा आरंभ केला, संभाजी महाराजांच्या वेळी तो पुरा झाला, आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते ठाणे बनले. किल्ल्यात गोड्या पाण्याची व्यवस्था आहे. रघुजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. किनाऱ्यापासून तो अर्ध्या कोसाच्या आत आहे. भरतीस तो बेट असतो आणि ओहोटीस चालत जाण्याजोगा. येथेच वरील हिशेबाचा प्रत्यक्ष उपयोग होतो. अष्टमीस ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते, वेळ सोयीची दिसते. पण भांग असल्यामुळे वाटेत गुडघ्याकमरेइतके पाणी राहून जाते. पौर्णिमेस पाणी दूर हटते, पण ते पहाटे व तिन्हीसांजेस. या दोहोंचा मेळ बसतो तो तृतीया-चतुर्थीस : उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसतो, आणि ओहोटी सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास पूर्ण होते. विनायकाच्या दर्शनास चतुर्थीच निघावी, हा योग हमरापूरकरांस खचितच आवडेल.

मात्र एक नियम पाळावा. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघावे आणि पाणी फिरल्यावर तासाच्या आत किल्ला सोडावा. उथळ किनाऱ्यावर भरती समोरून लाटेसारखी चाल करून येत नाही. ती सखल भागांतून बाजूने, मागून शिरते. पुढची वाळू कोरडी दिसत असताना पाठीमागचा ओहळ भरलेला असतो. फोटो काढीत किंवा तटावर डबा सोडून बसलेली मंडळी किल्ल्यात अडकतात ती अशी. अडकलेच तर पाण्यात उतरण्याचा हट्ट न धरता पुढील ओहोटीपर्यंत तेथेच बसावे. दहाएक तासांची उपासमार झाली म्हणून कोणी मरत नाही.

अलिबागेत आणखी एक स्थळ आहे, ते म्हणजे चुंबकीय वेधशाळा. मुंबईच्या कुलाब्यास चालणारे हे काम, तेथे विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार म्हणून त्यांच्या प्रवाहाच्या उपद्रवापासून दूर, १९०४ साली अलिबागेत आणण्यात आले.

अलिबागेहून दक्षिणेस वाळूवरूनच अक्षीस जाता येईल असे नकाशा पाहून वाटते, पण मध्ये साखरची खाडी आडवी येते. तिचा तळ चिखलाचा आहे; ती पायी ओलांडण्याचा मोह आवरून पुलावरून जावे. अक्षी व नागाव हा या साऱ्या प्रदेशातील पायी फिरणाऱ्यास सर्वांत अनुकूल असा पट्टा होय, असे म्हणावयास हरकत नाही. किनारा लांब, उतार मंद, वाळू घट्ट. पाठीशी सुरूची बने, आणि त्यांच्या मागे लगेच वाड्या. वाडीत विहीर असते, सावली असते, आणि बहुतेक घरी चार पैसे घेऊन जेवावयास व निजावयास जागा देतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा नारळी-पोफळी व सुरूची असंख्य झाडे आडवी झाली. पोफळ लावल्यापासून फळास येईपर्यंत बरीच वर्षे जातात. म्हणून काही वाड्यांत आजही मोकळे आकाश दिसते, आणि पाहुण्यांचे येणे हा तेथील कुटुंबांस पूर्वीहून मोठा आधार झाला आहे. नागावास सुट्टीच्या दिवशी पाण्यावरच्या यांत्रिक खेळांचा कल्लोळ असतो. ज्यास निवांतपणा हवा त्याने अक्षीस थांबावे. हिवाळ्यात तेथे कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि गावात मराठीतील अत्यंत जुन्या शिलालेखांपैकी एक आहे. त्यावरील शक ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला जातो.

भोजनाविषयी थोडे सांगणे अस्थानी होणार नाही. माघ-फाल्गुनात अलिबागचा पांढरा कांदा वेण्या घालून रस्त्याकडेस टांगलेला दिसतो. तो कच्चा खावा इतका गोड. पण थंडीतला खरा मेजवानीचा प्रकार पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरतात, मडके उपडे करून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवितात, आणि पाण्याचा थेंब न घालता ते वाफेवर शिजते. ज्या घरी पोपटी लावणार असतील तेथे मुक्काम करण्यासाठी अर्धा दिवस खर्ची पडला तरी चालेल.

नागावाच्या पुढे चौल-रेवदंडा. चौल हे फार प्राचीन बंदर. पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफनासी निकितीन हिंदुस्थानात उतरला तो येथेच, आणि रेवदंड्यास त्याचे स्मारक आहे. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशहाकडून परवानगी मिळवून येथे ठाणे केले, व १७४० मध्ये ते मराठ्यांच्या हाती आले. त्यांचा पडका तट आज नारळीच्या बागांमधून थेट वाळूपर्यंत येतो. किल्ल्यातून चालत चालत समुद्रावर उतरावे अशी जागा दुसरी नाही. मात्र येथे कुंडलिका नदी समुद्रास मिळते. नदीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी मोठ्या वेगाने बाहेर धावते, म्हणून रेवदंड्यास हिंडावे, बसावे, पण मुखाजवळ पोहू नये.

कुंडलिकेवरील पूल ओलांडला की प्रदेशाचा स्वभाव पालटतो. डोंगर समुद्राजवळ सरकतात, वाड्या तुटक होतात. कोर्लईच्या टेकडीवर पोर्तुगीजांचा गड, आणि पायथ्याच्या गावात सुमारे हजारभर लोकांच्या घरी आजही पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून झालेली स्वतंत्र बोली. त्यापुढे फणसाडच्या अरण्याच्या पायथ्याशी काशीद. दोन खडकाळ टोकांमध्ये सुमारे तीन किलोमीटरांची उजळ वाळू, मागे हिरवा डोंगर : देखावा अप्रतिम आहे, आणि त्यात वाद नाही.

पण काशीद व अक्षी यांतला भेद डोळ्यांस दिसत नाही, तो पाण्याखाली आहे. अक्षीस पन्नास पावले आत गेले तरी पाणी मांडीपर्यंत. काशीदचा किनारा लवकर खोल होतो आणि लाट अगदी काठाशी येऊन फुटते. फुटलेल्या लाटांचे पाणी परत समुद्रात जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून ओढ्यासारखे वाहते. हा परतीचा ओढा माणसास खाली ओढीत नाही, आत नेतो. घाबरलेला माणूस किनाऱ्याकडे तोंड करून त्याच्याशी झुंजतो, थकतो आणि बुडतो. त्याऐवजी किनाऱ्यास समांतर, आडवे पोहावे. ओढ्याचा पट्टा थोडाच रुंद असतो, तो सुटला की लाटाच माणसास बाहेर आणतात. पोहता येत नसेल तर हात वर करून हाक द्यावी व तरंगत राहावे. विशेष हे की, जेथे लाटा फुटताना दिसत नाहीत, पाणी शांत व किंचित गढूळ दिसते, तोच पट्टा बहुधा ओढ्याचा असतो. आणि नवखा मनुष्य शांत पाणी पाहून नेमका तेथेच उतरतो.

याच किनारपट्टीवर, काशीदच्या दक्षिणेस मुरुडास, १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडून मेले. दिवस पावसाळ्याचा नव्हता, वादळ नव्हते. ओहोटी लागलेली होती, एवढेच. पाणी चढत असता चूक झाली तर समुद्र माणसास काठाकडे लोटतो; उतरत असता तीच चूक त्यास आत नेते. म्हणून ज्यांच्या संगतीस मुले आहेत किंवा ज्यांस पोहणे येत नाही, त्यांनी काशीद-मुरुड पाहावे, वाळूवर संध्याकाळ घालवावी, पण स्नान अक्षी-नागावास आणि तेही भरती चढत असताना उरकावे. जीवरक्षक नको म्हणतो तेथे पाय घालू नये. आषाढ-श्रावणात तर कोणत्याच किनाऱ्यावर पाण्यात उतरू नये.

हमरापूरहून तीन दिवसांची सवड काढून निघणाऱ्याचा बेत मग असा बसतो. तृतीयेस पेणहून एस.टी.ने वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड या वाटेने अलिबाग. हे अंतर सुमारे तीस किलोमीटर. रात्री तेथे मुक्काम. चतुर्थीस सकाळी आठला किल्ल्याकडे प्रयाण व दहाच्या आत परत. पुलावरून अक्षी गाठून भर दुपारी, पाणी सुरूंपर्यंत आलेले असता, सावलीत विश्रांती. तीन-साडेतीननंतर पाणी मागे हटू लागले की उघड्या पडत जाणाऱ्या ओल्या वाळूवरून नागावापर्यंत रमतगमत चालणे. पंचमीस ओहोटी पावणेदहाच्या सुमारास. ती साधून सकाळी लवकर रेवदंड्याची वाट धरावी, आणि मध्ये खडक लागतील तेथे वाडीतल्या रस्त्यास लागावे. दुपारी किल्ल्याच्या तटाखाली जेवण करून परतीची गाडी घेतली म्हणजे धरमतरचा पूल चार-साडेचारच्या सुमारास येतो. त्या वेळी भरती पूर्ण झालेली असते; खाली तिवरांचे शेंडे तेवढे पाण्याबाहेर असतात, आणि हमरापूरच्या बाजूच्या बांधांना पाणी लागलेले असते.